स्टेंट टाकला, ब्लॉकेज झीरो झालं, मग पुढचं कुठल्या फोटोवरून कळतं?

अण्णांना ॲटॅक आला आणि ॲन्जिओप्लास्टी झाली त्या रात्री कॅथलॅबच्या बाजूच्या छोट्या खोलीत आम्हाला बोलावून कॉम्प्युटरवर दोन व्हिडिओ दाखवले. आधीच्यात ती काळी नस मधेच कोणीतरी खोडरबराने पुसल्यासारखी, नंतरच्यात भरलेली, सरळसोट, पार शेवटपर्यंत गेलेली. "शंभर टक्के बंद होती, आता झीरो." भावाने स्क्रीनचं मोबाईलवर शूटिंग केलं, फॅमिली ग्रुपवर टाकलं, मावशीने हात जोडलेले इमोजी पाठवले, विषय संपला. म्हणजे आम्हाला तरी तसं वाटलं. तिसऱ्या दिवशी वॉर्डात आणल्यावर अण्णांनी मला विचारलं, "मोटर घेतली की गॅरंटी कार्ड देतात. याचं किती वर्षांचं?"

अण्णा ऊस लावतात, कराडजवळ, आणि त्यांना जगातली कुठलीही गोष्ट मोटर, पाइपलाइन आणि पाणी यातच कळते. मी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते, डॉक्टर नाहीये हे आधीच सांगून टाकते, पण पुढे काय होईल याचा आकड्यांवरून अंदाज बांधायचा हे माझं रोजचंच काम, त्यामुळे तो गॅरंटीचा प्रश्न डोक्यातून जाईना. मग वाचत गेले, ओळखीच्या एका इको (हृदयाची सोनोग्राफी) करणाऱ्या डॉक्टरबाईंना फोन करकरून पिडलं, आणि पहिली गोष्ट कळली ती ही की तो 'झीरो'वाला व्हिडिओ पुढचं फार कमी सांगतो. नस उघडली एवढंच तो सांगतो. पुढचं जे ठरतं ते तीन वेगळ्या ठिकाणी: स्टेंट आतून कसा बसलाय, हृदयाचं मांस किती जिवंत राहिलंय, आणि बाकीच्या नसांमधे काय शिजतंय. तिन्हीचे फोटो वेगळे.

आधी त्या व्हिडिओचंच बघू. ॲन्जिओग्राफीत नसेत डाय सोडतात आणि एक्स-रे घेतात. म्हणजे स्क्रीनवर दिसते ती नस नसतेच, आत भरलेल्या डायची सावली असते. आणि सावलीचा घोळ आपल्याला माहीत आहे, भाकरी समोरून धरली तर भिंतीवर गोल सावली पडते, तीच कडेने धरली तर काठीसारखी. नसेचं भोक आतून गोलच असेल असं काही नाही, चपटं असू शकतं, वाकडं असू शकतं, म्हणून डॉक्टर तीन-चार कोनांतून शूटिंग घेतात, पण कितीही कोन घेतले तरी भिंत दिसत नाही. भिंतीत चरबी किती, चुना किती, स्टेंटची जाळी भिंतीला टेकली की मधे फट राहिली, यातलं काहीच नाही. (ही तपासणी सापडलीसुद्धा चुकून. १९५८ साली अमेरिकेत क्लीव्हलंडला मेसन सोन्स नावाच्या डॉक्टरांकडून डाय महाधमनीत जायच्या ऐवजी थेट हृदयाच्या उजव्या नसेत गेला, सगळे घाबरले, पेशंट मात्र वाचला आणि नसांचा फोटो काढता येतो हे जगाला कळलं.)

भिंत बघायची तर कॅमेरा नसेच्या आत न्यावा लागतो. त्याचे सध्या दोन प्रकार. एक आयव्हस, म्हणजे सोनोग्राफीच, पण प्रोब पोटावर फिरवायच्या ऐवजी बारीक तारेच्या टोकावर बसवून नसेत घालायचा. दुसरा ओसीटी, त्यात आवाजाच्या लहरींच्या जागी इन्फ्रारेड प्रकाश. आयव्हसला साधारण १०० ते १५० मायक्रॉनचं दिसतं, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीएवढं. ओसीटीला १० ते २० मायक्रॉनचं, म्हणजे त्या कागदाचेही पापुद्रे. पण प्रकाश रक्तातून आरपार जात नाही, त्यामुळे ओसीटी काढताना काही सेकंद डाय सोडून रक्त बाजूला सारावं लागतं, आणि किडनी नाजूक असेल तर जास्तीचा डाय नको वाटतो, अशा वेळी आयव्हस बरा. आयव्हसला भिंतीच्या खोलवरचंही दिसतं, ओसीटीला वरवरचं पण लख्ख. एकमेकांना मारून टाकतील अशातला भाग नाही, कोरियात २,००८ पेशंटांवर दोघांची थेट तुलना झाली आणि एका वर्षाने निकाल जवळपास सारखे आले.

आता या आतल्या फोटोने इतिहासात काय केलं ते बघा, कारण मला हा भाग सगळ्यात आवडला. माणसाच्या हृदयाच्या नसेत पहिले स्टेंट १९८६ मधे बसले, फ्रान्समधे तुलूझला आणि स्वित्झर्लंडमधे लोझानला. कल्पना भारी, पण धातूची जाळी रक्तात ठेवली की त्यावर गुठळी धरायची आणि स्टेंट काही दिवसांतच बंद. मग गुठळी होऊ नये म्हणून पेशंटला रक्त पातळ करायची इतकी औषधं द्यायचे की रक्तस्राव व्हायचा, आणि तरीही काहींचे स्टेंट बंद पडायचेच. सगळे म्हणायचे औषध कमी पडतंय. मिलानच्या अँटोनियो कोलोम्बो यांनी आयव्हस आत घालून बघितलं तर भलतंच निघालं, ॲन्जिओवर एक नंबर दिसणारे कितीतरी स्टेंट आतून अर्धवट उघडलेल्या छत्रीसारखे होते! मग त्यांनी बलून जास्त दाबाने फुगवायला सुरुवात केली, फुगवायचं, परत आत बघायचं, नीट उघडलाय खात्री झाली की थांबायचं, आणि अशा पेशंटना ती जड औषधं न देता साध्या गोळ्यांवर ठेवलं तरी गुठळ्या फारच कमी झाल्या. १९९५ साली हे छापून आलं आणि जगभर स्टेंट बसवायची पद्धत बदलली. म्हणजे दोष नुसता औषधात नव्हता, फोटोतही होता.

तेव्हापासून एक आकडा सगळ्यात महत्त्वाचा ठरलाय. स्टेंट जिथे सगळ्यात अरुंद आहे तिथलं आतलं क्षेत्रफळ. आयव्हसने मोजलं तर साधारण ५.५ चौरस मिलिमीटरच्या वर हवं, ओसीटीने मोजलं तर ४.५ च्या वर, अशी ढोबळ रेषा (डाव्या मुख्य नसेला वेगळा हिशोब, तिथे कोरियन डॉक्टरांनी काढलेला ५-६-७-८ असा पाढाच आहे, गोल जाणाऱ्या फांदीच्या तोंडाशी ५, पुढच्या फांदीच्या तोंडाशी ६, फाट्यावर ७ आणि मुख्य नसेत ८). आकडे बारीक वाटतात पण हिशोब करून बघा. ३ मिलिमीटरचा स्टेंट पूर्ण उघडला तर क्षेत्रफळ ७ च्या आसपास. तोच अर्धा मिलिमीटर कमी उघडला तर ४.९. अर्ध्या मिलिमीटरने तीस टक्के जागा गेली, आणि ॲन्जिओच्या सावलीत अर्धा मिलिमीटर सहज निसटतो. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "अडीच इंची आणि तीन इंची पाइपातला फरक मला शिकवू नको."

हा आकडा भविष्य कसं सांगतो? तर स्टेंट टाकल्यावर शरीर त्या जाळीवर आतून नवीन अस्तर धरतं, ते चांगलंच असतं, जखम भरल्यासारखं. भोक मोठं असेल तर अस्तर धरूनही जागा उरते. भोक मुळातच लहान राहिलं असेल तर तेवढ्याच अस्तराने नस परत आवळते, छातीत दुखायला लागतं आणि लोक म्हणतात "स्टेंट परत ब्लॉक झाला". शिवाय अरुंद जागी रक्ताचा वेग बिघडतो, गुठळीला आयतं निमित्त. स्टेंटच्या टोकाशी भिंत चिरली गेलीय का, जाळी सुटी लोंबकळतेय का, हेही आतल्या फोटोत दिसतं, पण सगळ्यात जास्त वजन या उघडण्याच्या आकड्याला आहे.

आणि स्टेंट नीट का उघडत नाही? बहुतेक वेळा चुन्यामुळे. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर जसा पांढरा थर चढतो तसा नसेच्या भिंतीत कॅल्शियम साचतं. थोडं असेल तर बलूनने फुटतं. पण ओसीटीत तो थर नसेच्या घेराच्या अर्ध्यापेक्षा जास्त, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जाड आणि ५ मिलिमीटरपेक्षा लांब दिसला की तिथे स्टेंट उघडणार नाही असा अंदाज आधीच बांधता येतो. मला विचाराल तर सगळ्यात कामाचं भाकीत हेच, कारण हे स्टेंट टाकायच्या आधी कळतं आणि काही करता येतं, हिऱ्याची भुकटी लावलेल्या बारीक ड्रिलने चुना घासायचा, किंवा मूतखडा फोडतात तशा धक्क्याच्या लहरींनी तो आतल्या आत तडकवायचा, आणि मगच स्टेंट. एकदा स्टेंट न उघडता चुन्यात अडकला की मग डॉक्टरही डोक्याला हात लावतात.

बरं, आत बघून टाकला तर पेशंटचं खरंच भलं होतं का, की नुसते फोटो सुंदर येतात? इथे माझ्यातली मास्तरीण जागी होते. २०२३ मधे कोरियातली एक मोठी चाचणी आली, १,६३९ पेशंट, सगळे अवघड ब्लॉकेजवाले, काहींना आत बघून स्टेंट टाकले, काहींना नुसत्या ॲन्जिओवर. साधारण दोन वर्षांनी हृदयामुळे मृत्यू, त्याच नसेमुळे ॲटॅक, किंवा तीच नस परत उघडावी लागणं, यातलं काहीतरी एक झालं असे लोक नुसत्या ॲन्जिओवाल्यांत १२.३ टक्के आणि आत बघितलेल्यांत ७.७ टक्के. म्हणजे साधारण २२ जणांचं आत बघून केलं की त्यातल्या एकाचं संकट टळतं. २०२४ मधे आयव्हसची अजून एक आली, चीन, पाकिस्तान, इटली आणि ब्रिटनमधली, ३,५०५ पेशंट आणि सगळे अण्णांसारखे ॲटॅक येऊन किंवा येता येता आलेले. एका वर्षात ७.३ च्या जागी ४ टक्के.

पण एक उलट निकालाची चाचणीही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई विकायला बसलीय. २०२३ चीच ओसीटीची मोठी चाचणी, २,४८७ पेशंट. आत बघितलेल्यांचे स्टेंट नक्की जास्त उघडले, ५.३६ च्या जागी ५.७२. पण दोन वर्षांनी ठरवलेल्या मुख्य निकालात (तेच, हृदयामुळे मृत्यू, ॲटॅक किंवा नस परत उघडणं) आत बघितलेले ७.४ आणि नुसत्या ॲन्जिओवाले ८.२ टक्के, आणि एवढा फरक नशिबानेही पडू शकतो. गुठळीने स्टेंट बंद पडणं मात्र १.४ वरून ०.५ टक्क्यांवर आलं. म्हणजे फोटोतला आकडा सुधारला की पेशंटचं नशीब त्याच प्रमाणात सुधारेल असं सरळ गणित नाही. तरी सगळा पुरावा एकत्र करून युरोपने २०२४ मधे आणि अमेरिकेने २०२५ मधे, डावी मुख्य नस, लांबलचक किंवा गुंतागुंतीचं ब्लॉकेज असेल तर आत बघाच, अशी वरच्या दर्जाची शिफारस केली.

आपल्याकडे अडतं कुठे? बिलात. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारने स्टेंटच्या किमतीला लगाम घातला, तेव्हा साधा स्टेंट ७,२६० आणि औषधाचा लेप असलेला २९,६०० रुपयांवर आणला, त्याने खूप लोकांचं भलं झालं. पण आत बघायची ती एकदा वापरायची कॅथेटर वेगळी, तिचं बिल वेगळं, आणि रात्री दोन वाजता ॲटॅकच्या पेशंटच्या नातेवाइकाला कोण विचारणार आणि विचारलं तरी तो काय सांगणार. अण्णांच्या वेळी आत बघितलं नव्हतं. मी नंतर विचारलं तेव्हा कळलं, डिस्चार्ज कार्डावर स्टेंटची कंपनी, लांबी, रुंदी आणि बॅच नंबर सगळं होतं, तो किती उघडला हे नव्हतं. जो आकडा मोजलाच नाही तो लिहिणार कुठून.

कार्डावर अजून एक लिहिलेलं होतं, 'टिमी-३ फ्लो'. हे म्हणजे डाय नसेतून शेवटपर्यंत जोरात गेला याचा शेरा, ० ते ३ असे मार्क असतात आणि ३ म्हणजे पैकीच्या पैकी. आम्ही खूश. इथे मला अण्णांच्या भाषेतच समजवावं लागेल, कारण मला स्वतःलाही ते तसंच कळलं. टिमी-३ म्हणजे पाट वाहतोय. पाट वाहतोय म्हणून वाफ्यात पाणी शिरतंय असं होत नाही. ॲटॅकमधे नस बराच वेळ बंद राहिली तर मांसातल्या केसासारख्या बारीक वाहिन्या सुजतात, गाळाने बुजतात, आणि वरची मोठी नस कितीही उघडली तरी खाली रक्त पोचत नाही. हे ॲन्जिओत नीट दिसत नाही, एमआरआयमधे दिसतं. आणि तिसरी पायरी अजून खालची, पाणी पोचलं पण जमीनच चोपण झाली असेल तर पीक येणार नाही. मांस मेलं असेल तर रक्त देऊन काय.

मांसाचा रोजचा फोटो म्हणजे टूडी इको, आणि त्यातला आकडा म्हणजे ईएफ, ज्याला आपण सगळे पंपिंग म्हणतो. यात आधी एक गैरसमज काढून टाकू: पंपिंग १०० टक्के कोणाचंच नसतं. भरलेल्या कप्प्यातलं किती रक्त एका ठोक्यात बाहेर जातं त्याचा तो हिशोब, आणि ५५ ते ७० म्हणजे ठणठणीत. आमच्या मावशीचा रिपोर्ट ६० आला होता तर ती "चाळीस टक्के हार्ट गेलं" म्हणून रडत बसली होती.

अण्णांचं दुसऱ्या दिवशीचं पंपिंग ३५. छातीत धस्स झालं, कारण वाचलं होतं की ३५ किंवा त्याच्या खाली गेलं की अचानक ठोका बिघडून मृत्यूचा धोका वाढतो आणि छातीत शॉक देणारं मशीन बसवतात. पण ॲटॅकच्या दुसऱ्या दिवसाचा आकडा हा शेवटचा आकडा नसतो! मांडी घालून तासभर बसलं की पाय बधिर होतो, पाय मेलेला नसतो, जरा वेळाने मुंग्या येऊन परत चालू होतो. हृदयाचं मांसही तसंच बधिर होतं, रक्त मिळाल्यावर जागं व्हायला दिवस, कधी आठवडे लागतात. म्हणून ते मशीन बसवायचं की नाही हे ॲटॅकनंतर निदान ४० दिवस आणि ॲन्जिओप्लास्टी झाली असेल तर साधारण ३ महिने थांबून, गोळ्या नीट देऊन, परत इको करून ठरवतात. पहिल्या इकोवर घाबरून जाणाऱ्यांनी, आणि पहिला इको चांगला आला म्हणून दुसरा न करणाऱ्यांनीही, हे लक्षात ठेवलेलं बरं. आणि इकोत पाच-सात टक्क्यांचा फरक नुसत्या करणाऱ्याच्या हाताने पडतो, त्यामुळे ४५ चं ४१ झालं म्हणून रात्री झोप उडवून घेऊ नका. इकोत हल्ली स्ट्रेन म्हणून अजून एक आकडा देतात, उणे २० च्या आसपास असतो, मांसाचे धागे किती आखडतात ते सांगतो आणि पंपिंग ठीक दिसत असतानाही बारीक बिघाड पकडतो, पण तो सगळीकडे मिळत नाही.

बधिर किती आणि मेलेलं किती हे खरं वेगळं करून दाखवतो तो एमआरआय. गॅडोलिनियम नावाचं औषध शिरेतून देतात, थोडा वेळ थांबतात, जिवंत मांसातून ते निघून जातं आणि मेलेल्या भागात अडकून राहतं, त्यामुळे फोटोत मेलेलं पांढरं चमकतं आणि जिवंत काळं. २००० साली शिकागोच्या डॉक्टरांनी ५० पेशंटांचे असे फोटो नस उघडायच्या आधी काढले आणि नंतर कुठला भाग सुधारतो ते मोजलं. जिथे पांढरं अजिबात नव्हतं त्यातले ७८ टक्के कमजोर भाग सुधारले. जिथे भिंतीच्या तीन चतुर्थांशपेक्षा जास्त जाडी पांढरी होती असे ५८ भाग होते, त्यातला एक सुधारला. एक!

मग ॲटॅकवाल्यांचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितलं, दहा चाचण्या, २,६३२ पेशंट, तर हृदयाच्या मांसातला मेलेला भाग दर ५ टक्क्यांनी वाढला की वर्षभरातला मृत्यूचा धोका १९ टक्क्यांनी वाढतो. हा १९ ऐकून दचकू नका, हा धोक्यावरचा वाढावा आहे, म्हणजे मूळचा धोका १०० त २ असेल तर तो साधारण २.४ होतो, २१ होत नाही. बातम्यांमधे हेच गाळतात आणि लोक हादरतात. वाफ्यात पाणी न शिरणारा जो भाग सांगितला, तो तर याहून वाईट खूण, तो फक्त १ टक्क्याने वाढला तरी वर्षभरातला मृत्यूचा धोका १४ टक्क्यांनी वर. (स्टेंट असताना एमआरआय चालतो का, हे सगळे विचारतात. आजकालच्या कॉरोनरी स्टेंटवर चालतो, स्टेंटचं कार्ड दाखवायचं, आणि गॅडोलिनियमच्या आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघतात.)

इथपर्यंत सगळं कसं छान जुळतंय असं मला वाटत होतं. पांढरं कमी, जिवंत जास्त, म्हणजे स्टेंट टाका आणि सुधारणा बघा. आणि मग २०२२ ची ब्रिटनमधली चाचणी वाचली. ७०० पेशंट, पंपिंग ३५ किंवा खाली, नसा खराब, पण मांस जिवंत असल्याचं तपासून घेतलेलं. अर्ध्यांना स्टेंट आणि गोळ्या, अर्ध्यांना नुसत्या चांगल्या गोळ्या. तीनेक वर्षांनी मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरने ॲडमिट होणं: ३७.२ टक्के विरुद्ध ३८ टक्के. फरक शून्य. नंतर त्याच पेशंटांचे फोटो परत तपासले तर जास्त मांस मेलेल्यांचं पुढे जास्त वाईट झालं हे दिसलं, पण स्टेंटचा फायदा कोणाला होणार हे त्या फोटोंवरून सांगता आलं नाही.

वर्गात मी मुलांना हेच दरवर्षी सांगते आणि दरवर्षी निम्मी मुलं पेपरात चुकतात. कोणाचं पुढे वाईट होणार हे ओळखणं एक काम, आणि कोणाला कुठल्या उपायाने फरक पडणार हे ओळखणं दुसरं काम. केस पांढरे झाले की वय झालं हे कळतं, म्हणून कलप लावून वय कमी होत नाही. आणि याचा अर्थ स्टेंट नकोच असा नाही हां, ॲटॅक चालू असताना नस उघडणं जीव वाचवतं, तो वाद नाहीच, ही चाचणी जुनाट कमजोर हृदयाची होती.

आता तिसरी जागा, बाकीच्या नसा. ज्याच्याबद्दल आपल्याकडे कोणी विचारतच नाही, कारण सगळ्यांचं लक्ष त्या एका ब्लॉकेजवर. २०११ मधे एक अभ्यास आला, ६९७ पेशंट, ॲटॅक किंवा तत्सम होऊन स्टेंट टाकलेले, आणि त्यांच्या तिन्ही मोठ्या नसा आयव्हसने आतून बघून ठेवल्या, मग तीन वर्षं वाट बघितली. साधारण २० टक्के लोकांना पुन्हा काहीतरी त्रास झाला. १२.९ टक्के जणांना जुन्या, स्टेंटवाल्या जागेमुळे, आणि ११.६ टक्के जणांना दुसऱ्याच जागेमुळे, काहींना दोन्हींमुळे. म्हणजे जवळपास निम्मं भवितव्य त्या जागेत जिथे कोणी हात लावला नव्हता. आणि या दुसऱ्या जागा आधीच्या ॲन्जिओत कशा दिसत होत्या? सरासरी ३२ टक्के ब्लॉकेज. ज्याला रिपोर्टमधे 'किरकोळ' म्हणतात.

मग त्यांच्यात वेगळं काय होतं, तर नसेच्या तिथल्या जागेत ७० टक्के किंवा जास्त मळ भरलेला, भोक ४ चौरस मिलिमीटर किंवा कमी, आणि मळावरचं कातडं पातळ. पिकलेल्या गळवासारखं समजा, वरून फार फुगलेलं दिसत नाही पण कातडं ताणून पातळ झालेलं, कधी फुटेल सांगता येत नाही, आणि फुटलं की त्यावर गुठळी धरून नस तासाभरात बंद. पण इथेही तीच खोच. तिन्ही वाईट खुणा एकत्र असलेल्या जागांमधेसुद्धा तीन वर्षांत त्रास दिला तो १८ टक्क्यांनी. बाकीची ८२ टक्के गळवं गप्प बसली, काही वाळून घट्ट झाली असतील. म्हणून प्रत्येक गळवावर स्टेंट ठोकत सुटणं हे उत्तर नाही, पूर्ण शरीरातलं गळू वाळवणारी गोळी, म्हणजे कोलेस्टेरॉलची स्टॅटिन, हे उत्तर. अण्णांना ती गोळी सगळ्यात निरुपयोगी वाटायची कारण ती खाऊन काही 'वाटत' नाही. बिडी तर त्यांनी आयसीयूतच सोडली, भीतीने का होईना.

आता नको त्या फोटोंबद्दल थोडं, कारण पॅकेजवाले फोन करतात. स्टेंट झाल्यावर कॅल्शियम स्कोअर (सीटी स्कॅनने नसांतला चुना मोजतात तो आकडा) काढण्यात अर्थ नाही, स्टेंटचा धातू त्या हिशोबात गोंधळ घालतो आणि तुम्हाला आजार आहे हे तर आधीच माहीत आहे. सीटी ॲन्जिओत स्टेंटची जाळी फुगून दिसते, ३ मिलिमीटरपेक्षा बारीक स्टेंट असेल तर आतलं नीट दिसतच नाही. आणि "दरवर्षी टीएमटी (पट्ट्यावर चालवून करतात ती स्ट्रेस टेस्ट) करून घ्या" वाल्यांसाठी: कोरियातच १,७०६ जास्त जोखमीच्या स्टेंटवाल्यांवर बघितलंय, अर्ध्यांची एका वर्षाने ठरवून स्ट्रेस टेस्ट केली, अर्ध्यांची फक्त त्रास झाला तरच. दोन वर्षांनी मृत्यू, ॲटॅक किंवा छातीत दुखून ॲडमिट होणं ५.५ आणि ६ टक्के, म्हणजे ठरवून टेस्ट केल्याने फरक पडला नाही. त्रास होत असेल, चालताना छाती भरून येत असेल, तर तो वेगळा विषय, तेव्हा टेस्ट हवीच, घरी बसून राहू नका.

अण्णांचा तीन महिन्यांनंतरचा इको आला, ४४. डॉक्टरबाई म्हणाल्या बधिर होतं ते बरंच जागं झालं, मशीनची गरज नाही, उरलेलं बहुतेक मेलेलं आहे, एमआरआय केला तर नक्की कळेल पण त्याने गोळ्या बदलणार नाहीत, त्यामुळे आम्ही केला नाही. अण्णांचा प्रश्न तोच, "मग किती वर्षं?" मी म्हटलं अण्णा, तुमच्यासारखे शंभर जण उभे केले तर पुढच्या वर्षभरात त्यातले साधारण किती जण परत ॲडमिट होतील हे सांगता येईल, पण त्यातले तुम्ही कोण हे कुठलाच फोटो सांगत नाही. ते म्हणाले, "म्हणजे कारखान्याचा सरासरी उतारा सांगता येतो, माझ्या उसाचा नाही." बरोबर.

गेल्या महिन्यात चुलत काकांची ॲन्जिओप्लास्टी ठरली, ॲटॅक नव्हता, ठरवून होती, आणि ॲन्जिओत चुना बराच दिसत होता. आदल्या रात्री अण्णांनी स्वतः फोन करून त्यांना सांगितलं, "आतून बघणारेत का विचार." विचारलं, डॉक्टर हो म्हणाले, आयव्हस केला, चुना आधी फोडला, मग स्टेंट टाकला आणि रिपोर्टात शेवटच्या ओळीत आकडा लिहून दिला, ६.१. काकांनी वॉर्डातूनच अण्णांना फोन लावला, "दादा, ६.१ म्हणजे किती रे?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी मोबाईलवर गणित करून २.८ मिलिमीटर सांगितलं, आणि ते फोनमधे ओरडले, "अडीच इंचीच्या वर आहे, तीन इंचीला थोडी कमी. चालेल."